टायर झिजतो, कारण उरतं

महामार्गालगतच्या टायरच्या दुकानाबाहेर टाकून दिलेल्या टायरांची चळत असते. त्यातला एखाद्या पिकअपचा पुढचा टायर ओढून आडवा पाडावा आणि नीट पाहावा. पुष्कळदा बाहेरच्या कडेची नक्षी अजून चांगली खोल असते, मधला पट्टाही शाबूत असतो. आतली कड मात्र घासून घासून रबर संपलेली असते आणि तिथून बारीक तारा डोकावत असतात. मालकानं पैसे पूर्ण टायरचे मोजले, वापरला मात्र अर्धाच.

त्याच दिवशी गाडीला नवा टायर बसतो. जुना का गेला याचा शोध न घेताच बसतो, म्हणून काही महिन्यांत तोही त्याच कडेनं झिजायला लागतो. मग दोष कंपनीला दिला जातो, रबराला दिला जातो, नशिबालाही दिला जातो. खरं कारण गाडीच्या पुढच्या भागात किंवा मागच्या कमानपाट्यांत तसंच असतं आणि नव्या टायरची वाट पाहतं. टायर बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. झीज कुठून सुरू झाली ते ओळखून ते कारण काढणं, ही दुरुस्ती. ज्याचं घर एका पिकअपवर चालतं त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

गाडी, माल आणि माती

या पिकअप ज्या मुलखात धावतात तिथलं वरणगाव भुसावळ तालुक्यात, तापीच्या दक्षिणेला आहे. भुसावळहून मुक्ताईनगरकडे निघालं की दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र मागं पडतं आणि वरणगाव लागतं. १९६४ साली इथं आयुध निर्माणी सुरू झाली. आता ती म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीच्या छत्राखाली आहे. गावाजवळून जाणारा महामार्ग जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'सहा नंबर' आहे. कागदावर तो राष्ट्रीय महामार्ग ५३ झाला. सुरतेकडून धुळे, जळगाव, भुसावळ करत तो विदर्भात शिरतो. उत्तरेला हतनूरचं धरण आहे आणि तापीपलीकडे यावल, फैजपूर, सावदा, रावेर हा केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

या मुलखात पिकअप गाडी शेतापासून बाजारापर्यंत सगळीकडे असते. बागेतून केळी काढायची आणि पॅकहाउसवर न्यायची. थंडीत बामणोदकडची वांगी भल्या पहाटे मंडईत पोचवायची. दिवाळीच्या सुमारास कापसाच्या गाठोड्यांनी हौदा उंचच उंच भरायचा. ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, पाण्याच्या मोटारी, खताच्या गोण्या, लग्नाचा मांडव, बाजारातल्या शेळ्या हे सगळं त्याच गाडीतून जातं. गाडी बहुतेक वेळा कर्जावरची असते आणि चालवणारा बरेचदा मालकच असतो. त्याचा हिशेब भाड्यावर चालतो. डिझेल, हप्ता आणि टायर वजा केल्यावर जे उरतं ते घरी जातं.

हा मुलूख टायरांची परीक्षा पाहणारा आहे. पहिली गोष्ट माती. तापीखोऱ्यातली काळी कसदार जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. अशा मातीवरचा रस्ता भराव नीट नसेल तर वर्षा-दोन वर्षांत लाटांसारखा वरखाली होतो, कडा खचतात, साइडपट्टी उरत नाही. समोरून मोठी गाडी आली की पिकअपला डावं चाक डांबराखाली उतरवावं लागतं. डांबराची ती उभी धार डाव्या चाकाला रोज आपटते. पुढं शिवाररस्ते येतात. बैलगाडीच्या नि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, मध्ये उंचवटा, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात दगडासारखं वाळलेलं ढेकूळ. अशा रस्त्यावर एका दिवसात पुढच्या सांध्यांना जेवढे झटके बसतात, तेवढे सरळ महामार्गावर कितीतरी दिवसांत बसत नाहीत.

दुसरी गोष्ट ऊन. भुसावळ-जळगावचा पारा एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांच्या आसपास जातो आणि डांबर त्याहून बरंच तापतं. टायरमधली हवा तापली की दाब वाढतो. पिकअपच्या टायरमध्ये दर दहा अंशांच्या वाढीला साधारण दीड ते सव्वादोन पीएसआय एवढा.

तिसरी गोष्ट वजन. केळीचा माल लवकर पोचला नाही तर भाव पडतो, म्हणून एका खेपेत जास्त भरण्याकडे कल असतो. जाताना गाडी क्षमतेच्या वर आणि येताना पूर्ण रिकामी, अशा दोन टोकांमध्ये तिचं आयुष्य जातं. पाटे, बुश, बेअरिंग यांना दोन्ही टोकं सोसावी लागतात.

चाकाचे तीन कोन

गाडी सरळ चालते ती चाकं सरळ असतात म्हणून, असं वाटतं. प्रत्यक्षात पुढची चाकं अगदी थोड्या, ठरवून दिलेल्या कोनांत बसवलेली असतात. हे कोन तीन: टो, कॅम्बर आणि कॅस्टर. अलाइनमेंट म्हणजे हे कोन कंपनीनं दिलेल्या मापात आणणं.

गाडीकडे वरून पाहिलं तर दिसेल तो टो. दोन्ही चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे किंचित वळलेली असतील तर टो-इन, एकमेकांपासून फाकलेली असतील तर टो-आउट. जोडीतले दोन बैल मान वेगळीकडे करून चालू लागले की गाडी सरळच जाते, पण दोघांचे खांदे सोलून निघतात. टो बिघडलेल्या चाकांचं तसंच होतं. स्टिअरिंग दोघांना सरळ धरून ठेवतं, पण प्रत्येक चाक थोडं आडवं घासत पुढं जातं.

हे किती असतं ते आकड्यांत पाहावं. पिकअपच्या टायरचा व्यास साधारण ७० सेंटिमीटर धरू. म्हणजे एका किलोमीटरमध्ये चाक साडेचारशेच्या वर फेऱ्या मारतं. समजा, दोन्ही चाकांचा मिळून टो मापापेक्षा फक्त ६ मिलिमीटरनं चुकला आहे. दर चाकाच्या वाट्याला आले ३ मिलिमीटर. सत्तर सेंटिमीटरला तीन मिलिमीटर, या हिशेबानं प्रत्येक चाक दर किलोमीटरला सव्वाचार मीटरच्या आसपास आडवं सरकतं. वीस हजार किलोमीटर झाले की ही आडवी सरक ८५ किलोमीटरच्या घरात जाते. जमिनीला टेकलेला रबराचा तुकडा तळहाताहून थोडाच मोठा असतो आणि एवढं सगळं घासणं त्याच्या वाट्याला येतं. सहा मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाहीत, टायरच्या कडेवर मात्र दिसतात.

टो आणि ढिले सांधे यांचा संबंध लक्षात ठेवण्यासारखा आहे. मागच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीत पुढची चाकं ढकलली जातात आणि रस्त्याचा अडथळा त्यांना बाहेर फाकवू पाहतो. म्हणून अशा गाड्यांना सहसा थोडा टो-इन देतात. धावताना सांध्यांमधली सूक्ष्म मोकळीक भरून निघते आणि चाकं जवळजवळ सरळ होतात. पण दोन्ही चाकांना स्टिअरिंगशी जोडणाऱ्या टाय रॉडची टोकं ढिली झाली, चाक ज्या खिळीभोवती वळतं त्या किंगपिनचे बुश खाल्ले गेले की ही मोकळीक वाढते. उभ्या गाडीत टो-इन दिसतो आणि धावताना टो-आउट होतो. आतली कड झिजते ती यामुळेही. अशा गाडीची नुसती रॉड फिरवून अलाइनमेंट केली तर कागदावरचा आकडा बरोबर येतो, रस्त्यावरचा येत नाही.

गाडीकडे समोरून पाहिलं तर दिसेल तो कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर किती कलला आहे ते. वरचा भाग आत कलला तर आतल्या कडेवर भार येतो, बाहेर कलला तर बाहेरच्या. जास्त भरलेल्या गाडीनं खड्ड्यात जोरात आपटून अॅक्सल किंचित वाकला, किंवा बेअरिंग आणि किंगपिन सैल झाले, की कॅम्बर बदलतो.

कॅस्टर बाजूनं दिसतो. चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा वरचा भाग सहसा मागं झुकलेला असतो. या झुकावामुळे वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. कॅस्टरनं टायर फारसा झिजत नाही, पण दोन्ही बाजूंचा कॅस्टर वेगळा असेल तर गाडी एका बाजूला ओढते. चालक दिवसभर स्टिअरिंग दाबून धरतो आणि संध्याकाळी खांदे धरतात.

वळणाचाही एक नियम आहे. गाडी वळते तेव्हा आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या. दोन्ही चाकं सारख्याच कोनात वळली तर एक घासणारच. हे कोडं घोडागाडीच्या काळात सुटलं. म्यूनिकच्या गेओर्ग लांकेन्स्पर्गर या गाड्या बनवणाऱ्या कारागिरानं १८१७ च्या सुमारास त्याची जोडणी शोधली. त्याचा प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमन यानं १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं, म्हणून ती आकरमनच्या नावानं ओळखली जाते. आजच्या पिकअपमध्येही तेच तत्त्व आहे. स्टिअरिंगचा हात दगडावर आपटून वाकला तर सरळ रस्त्यावर सगळं ठीक वाटतं, वळणावर टायर किंचाळतो. गल्लीबोळांत, बांधाच्या वाटांवर दिवसभर वळणाऱ्या गाडीला हे महागात पडतं.

टायर पाहून काय ओळखावं

गाडी टायर खाऊ राह्यली, असं भुसावळकडचा चालक म्हणतो. ती कुठून खाते हे पाहिलं की अर्धं निदान झालं.

दोन्ही कडा झिजल्या आणि मधला पट्टा उंच राहिला, तर हवा कमी होती. हवा कमी असली की टायरचा मध्य वर उचलला जातो आणि भार कडांवर येतो. बाजूची भिंतही सारखी वाकून तापते. उलट मधला पट्टा झिजला आणि कडा शाबूत राहिल्या, तर हवा जास्त होती. पिकअपच्या मागच्या टायरांत हे दुसरं चित्र पुष्कळ दिसतं. जड मालासाठी हवा चढवली जाते आणि त्याच हवेवर रिकामी गाडी परत येते. कडक पाटे आणि फुगलेले टायर यांमुळे रिकामी गाडी उड्या मारत चालते.

एकच कड झिजली, बाकी पृष्ठभाग गुळगुळीत, तर संशय कॅम्बरवर घ्यावा. एकच कड झिजली आणि नक्षीच्या ठोकळ्यांना धार आली असेल, तर टोवर. ही धार डोळ्यांपेक्षा हाताला चांगली कळते. इंजिन बंद करून, गाडीला ओट लावून, तळहात टायरवर आडवा फिरवावा. आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेला हात गुळगुळीत सरकतो आणि दुसऱ्या दिशेला रबर बोचतं, तर टो चुकला आहे. आतून बाहेर येताना बोचलं तर टो-इन जास्त, बाहेरून आत जाताना बोचलं तर टो-आउट. तारा बाहेर आलेल्या टायरवर मात्र हात फिरवू नये.

टायरच्या घेरावर ठरावीक अंतरानं खळगे पडले असतील तर चाक रस्त्यावर टिकत नाही, नाचतं. शॉकअप मेले असतील, बॅलन्सिंग बिघडलं असेल किंवा बेअरिंग ढिलं असेल. एकाच ठिकाणी सपाट चट्टा पडला असेल तर ब्रेक जाम झाला होता किंवा चाक लॉक होऊन घसरलं होतं.

या सगळ्यांत धोकादायक झीज आतल्या कडेची, कारण ती दिसत नाही. चालक गाडीभोवती फिरतो, बाहेरची नक्षी बघतो आणि समाधानानं बसतो. पुढचं चाक एका बाजूला पूर्ण वळवून, वाकून, आतली कड पाहिल्याशिवाय टायर पाहिला असं होत नाही.

मागचा अॅक्सलही तिरका असू शकतो

अलाइनमेंट म्हटलं की सगळे पुढच्या चाकांकडे वळतात. पिकअपच्या मागं मात्र कमानपाट्यांवर बसवलेला सरळ अॅक्सल असतो. पाट्यांच्या मधोमध सेंटर बोल्ट असतो, अॅक्सल यू-बोल्टनं पाट्यांना आवळलेला असतो. ओव्हरलोडमध्ये यू-बोल्ट सैल झाले, सेंटर बोल्ट तुटला की अॅक्सलची एक बाजू थोडी पुढं किंवा मागं सरकते. मागची चाकं मग गाडीला तिरकं ढकलतात. चालक स्टिअरिंग थोडं वळवून गाडी सरळ ठेवतो. मागून पाहणाऱ्याला गाडी तिरकी धावताना दिसते. पुढच्या चाकांची कितीही वेळा अलाइनमेंट केली तरी ही गाडी सुधारत नाही.

याची तपासणी साध्या फितीनं होते. सपाट जागेवर स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी उभी करावी. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजावं. दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. धुळीच्या सपाट वाटेवर गाडी हळू, सरळ चालवून मागं येऊन चाकांचे माग पाहिले तरी कळतं. मागच्या चाकांचा माग पुढच्यांच्या मागाहून दोन्ही बाजूंना सारखाच सरकलेला दिसला तर ठीक. एकाच बाजूला सरकला असेल तर मागचे पाटे तपासावेत.

आधी सांधे, मग हवा, मग माप

चांगल्या मेकॅनिकचा क्रम ठरलेला असतो, आणि तो पाळला नाही तर अलाइनमेंटचे पैसे वाया जातात.

पहिलं, गाडी जॅकवर घेऊन सांधे तपासणं. चाक वर-खाली धरून हलवलं तर बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंटची ढिलाई कळते. डावी-उजवीकडून धरून हलवलं तर टाय रॉडची. कुणीतरी आत बसून स्टिअरिंग थोडं इकडं-तिकडं फिरवावं आणि खाली एकानं प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावं. ढिला सांधा बोटाला लगेच सांगतो. पाट्यांचे बुश, शॅकल, यू-बोल्ट, शॉकअपची गळती पाहावी. ढिलं असेल ते आधी बदलावं.

दुसरं, हवा. चारही टायरांत कंपनीनं सांगितलेली हवा असावी. पुढची आणि मागची, रिकामी आणि भरलेली यांचे आकडे वेगळे असतात. ते दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असतात. हवा थंड टायरमध्ये, म्हणजे गाडी काही तास उभी असताना, मोजायची. भर उन्हात धावून आल्यावर दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडली, तर सकाळी टायर कमी हवेवर असतो. रेडियल टायरच्या भिंती मऊ असतात, हवा पुरेशी असतानाही खालचा भाग थोडा फुगलेला दिसतो. म्हणून लाथ मारून किंवा नजरेनं हवा ओळखण्यावर विसंबू नये. दाबाचं छोटं मापक गाडीत असावं.

तिसरं, अलाइनमेंट. इथं गाडीची जात महत्त्वाची. काही पिकअपच्या पुढं प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होतं. त्यांत टोबरोबर बहुधा कॅम्बर आणि कॅस्टरही जुळवता येतात. पण स्प्रिंग बसली की हे कोन पुन्हा हलतात. अनेक छोट्या मालगाड्यांच्या पुढं मात्र सरळ अॅक्सल आणि कमानपाटे असतात. तिथं टाय रॉड फिरवून फक्त टो जुळतो. कॅस्टर सुधारायचा तर पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये पाचर घालावी लागते. कॅम्बर चुकला तर बेअरिंग आणि किंगपिन तपासावे लागतात, आणि अॅक्सल वाकला असेल तर ते काम जाणत्या वर्कशॉपचंच. म्हणून सरळ अॅक्सलच्या गाडीचं कॅम्बरचं माप यंत्राच्या पडद्यावर लाल, म्हणजे मापाबाहेर, दिसत असेल तर मालकानं विचारावं, की हे का लाल आहे आणि यावर काय उपाय आहे. हे असंच राहतं, हे उत्तर पुरेसं नाही.

यंत्र काय करतं, माणूस काय करतो

आता भुसावळ-जळगावसारख्या शहरांत संगणकावरची अलाइनमेंट मिळते. रिमांवर फलक किंवा सेन्सर लावतात, कॅमेरे त्यांची दिशा वाचतात आणि पडद्यावर प्रत्येक चाकाचे कोन येतात. मापात असेल ते हिरवं, बाहेर असेल ते लाल. यंत्र बिनचूक असतं ते त्याला नीट वापरलं तरच. गाडी हलवून रिमचा वाकडेपणा वजा केला का, पुढची चाकं फिरत्या चकत्यांवर आहेत का, स्टिअरिंग मध्यावर घट्ट लावलं का, निवडलेला गाडीचा नमुना आपल्याच गाडीचा आहे का, हे पाहायला हवं. कामाआधीचा आणि कामानंतरचा, असे दोन्ही प्रिंट मालकानं मागून घ्यावेत. दोन्ही कागद शेजारी ठेवले की पैसे कशाचे दिले ते कळतं. स्टिअरिंग तिरकं राहिलं असेल तर दुकानातून निघण्याआधीच सांगावं.

बॅलन्सिंग हे वेगळं काम आहे. त्यात चाकाचा जड भाग शोधून समोर शिशाचं किंवा लोखंडाचं वजन लावतात. बॅलन्सिंगनं हादरा जातो, कड झिजणं थांबत नाही. अलाइनमेंटनं कड वाचते, हादरा जाईलच असं नाही. दोन्ही कामं एकाच बिलात येतात म्हणून एकानं दुसऱ्याचं भागत नाही.

टायर फिरवणं, म्हणजे पुढचे मागं, मागचे पुढं करणं, सर्वसाधारणपणे आठ-दहा हजार किलोमीटरला करावं. मात्र चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे असावेत आणि दिशादर्शक बाण असलेले टायर बाजू बदलून लावू नयेत. फिरवल्यानं झीज चौघांत वाटली जाते, पण बिघाड जात नाही. आतल्या कडेनं झिजणारे टायर मागं टाकून मोकळं होणं म्हणजे चारही टायर एकाच रोगाला देणं.

जवळ यंत्र नसेल तरी टोचा अंदाज गावात घेता येतो. सपाट काँक्रीटवर गाडी उभी करावी. दोन्ही पुढच्या टायरांच्या मधल्या रेषेवर, चाकाच्या मध्याच्या उंचीला, पुढच्या बाजूला खडूनं बारीक खूण करावी. दोन खुणांमधलं अंतर फितीनं मोजावं. गाडी हळूच पुढं ढकलून चाकाचा अर्धा फेरा करावा, म्हणजे त्याच खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीवर येतात. पुन्हा मोजावं. पुढचा आकडा कमी असेल तर टो-इन, मागचा कमी असेल तर टो-आउट. फरक कंपनीच्या मापाहून दूर असेल तर गाडी यंत्रावर नेण्याची वेळ आली. या पद्धतीनं अंदाज येतो, नेमकं जुळवणं यंत्रावरच करावं.

चालकाच्या हातात असलेलं

काही काळजी फुकटात घेता येते. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवू नये. थोडी गाडी हलती ठेवून वळवली की टायरही वाचतो आणि टाय रॉडही. खड्ड्यात ब्रेक दाबून शिरू नये, आधी वेग कमी करून ब्रेक सोडून जावं. ब्रेक दाबलेला असताना पुढचे पाटे आधीच दबलेले असतात आणि झटका थेट सांध्यांवर जातो. साइडपट्टीवर उतरायचंच असेल तर वेग कमी करावा, आणि परत डांबरावर चढताना काठाला समांतर घासत चढण्याऐवजी थोडा कोन देऊन चढावं. केळीच्या बागेतून निघताना टायरच्या खाचांत अडकलेला दगड आणि चिखलाचे गोळे काढावेत. रिमच्या आत साचून वाळलेला चिखलही चाकाचं बॅलन्स बिघडवतो. माल भरताना वजन एका बाजूला जाऊ देऊ नये. मागच्या टोकाला सगळा भार टाकला की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल होतं.

गाडी ओढते की नाही हे पाहायचं तर रस्ता निवडावा लागतो. आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. डाव्या बाजूनं चालणारी गाडी किंचित डावीकडे जाणारच. सपाट, रिकाम्या रस्त्यावर, हवा बरोबर असतानाही गाडी सारखी एका बाजूला जात असेल तरच तो बिघाड समजावा.

टायर, कायदा आणि जीव

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे पिकअपच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर वापरता येत नाही. टायरच्या मुख्य खाचांच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे छोटे उंचवटे दिलेले असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. एकाच कडेनं झिजलेल्या टायरमध्ये मात्र मधल्या खाचेतला उंचवटा सुरक्षित असतो आणि कड आधीच संपलेली असते. म्हणून तीन जागी खोली पाहावी: बाहेर, मध्ये, आत. सर्वांत कमी आकडा हा त्या टायरचा खरा आकडा.

व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागतं. त्या दिवसापुरते कुणाचे तरी चांगले टायर लावून आणणारे आहेत. तपासणीतून गाडी सुटते, गाडीतला माणूस सुटत नाही. तारा उघड्या पडलेला पुढचा टायर मेच्या उन्हात, भरल्या हौद्यासह, महामार्गाच्या वेगावर फुटला तर स्टिअरिंग हातातून जातं. कडा खाल्लेल्या टायरची पकड पावसात पाण्याच्या थरावर सुटते. जून-जुलैत पहिल्या पावसानं रस्त्यावर तेलमातीचा चिकचिकाट होतो, तेव्हा ब्रेक लावून थांबायचं अंतर वाढतं. क्षमतेहून जास्त भरलेल्या गाडीला कायद्यानं वीस हजार रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनाला दोन हजार रुपये आहेत. दंडाआधीच ती गाडी टायर, पाटे आणि बेअरिंग यांच्या रूपानं पैसे भरत असते.

पैशांचा हिशेबही मांडून पाहावा. समजा, एखाद्या गाडीचे टायर नीट झिजले तर पन्नास हजार किलोमीटर जातील. कड खाल्ल्यानं पंचवीस हजारांत गेले, तर टायरचा किलोमीटरमागचा खर्च दुप्पट झाला. त्या फरकात कित्येक अलाइनमेंट, टाय रॉडची टोकं आणि बेअरिंग येतात. शिवाय नीट झिजलेल्या टायरचा सांगाडा शाबूत असेल तर तो रिमोल्डला, म्हणजे नवी नक्षी चढवायला, जाऊ शकतो. तारा उघड्या पडलेला सांगाडा कुणी घेत नाही. घासणाऱ्या टायरला ढकलायला डिझेलही जास्त लागतं.

वहीतली चार घरं

यासाठी महागडं काही लागत नाही. एक वही आणि नक्षीची खोली मोजायचं छोटं मापक लागतं. तारीख, किलोमीटर, चारही टायरांची थंड हवा, आणि प्रत्येक टायरची बाहेर-मध्ये-आत खोली. महिन्यातून एकदा, सकाळी गाडी निघण्यापूर्वी, दहा मिनिटांचं काम. आतला आकडा बाहेरच्या आकड्यापेक्षा झपाट्यानं उतरायला लागला की त्या आठवड्यात गाडी दाखवावी. एक-दोन मिलिमीटरच्या फरकावर बिघाड पकडला तर टायर वाचतो. तारा दिसल्यावर पकडला तर फक्त त्यानंतरचा वाचतो.

मेकॅनिकनंही नुसता टायर बसवून गाडी सोडू नये. जुना टायर मालकाच्या हातात देऊन झीज दाखवावी आणि तिचं कारण बोलून सांगावं. आयटीआयमधून मोटर मेकॅनिक होऊन बाहेर पडणाऱ्या पोरांनी इंजिनाइतकाच पुढच्या अॅक्सलचा अभ्यास करावा, कारण गावात जास्त गाड्या त्याच दुखण्यानं येतात. मालक दुसरा आणि चालक दुसरा असेल तिथं मालकानं चालकाला खेपेची घाई आणि टायरची काळजी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागू नयेत. स्टिअरिंग हलतंय असं चालकानं सांगितलं तर ते त्याच दिवशी ऐकावं. स्टिअरिंग त्याच्या हातात असतं, म्हणून बिघाड त्याला सगळ्यांच्या आधी कळतो.

वरणगाव ते सावदा, वरणगाव ते बोदवड, वरणगाव ते भुसावळ अशा छोट्या खेपांवर या भागातली शेती बाजारापर्यंत पोचते. त्या खेपांची कमाई अर्ध्या झिजलेल्या टायरांत मुरू देणं हे कष्टाचा अपमान आहे. दोन बोटांनी तपासता येणारा सांधा, फितीनं मोजता येणारं अंतर आणि मापकानं कळणारी हवा या तीन गोष्टी प्रत्येक चालकाला शिकता येतात. त्या शिकलेल्या माणसाला नवा टायर घेताना भाव विचारण्याआधी एक प्रश्न विचारता येतो: माझा जुना इथंच का झिजला? त्याचं उत्तर मिळेपर्यंत त्यानं नवा टायर बसवून घेऊ नये.